हेवी डिपॉझिटच्या घरातली भिंत

वाचकाचे पत्र (थोडक्यात): आम्ही दोघे नोकरी करतो. दोघांचे मिळून महिन्याला ६२ हजार हातात येतात. दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीत वन बीएचके भाड्याने घेतले. आमच्या भागात असे घर एरवी १४ हजार भाडे आणि ५० हजार डिपॉझिटवर जाते. आम्ही १० लाखांचे हेवी डिपॉझिट दिल्यामुळे आम्हाला भाडे फक्त ४ हजार आहे. त्यासाठी ४ लाखांची एफडी मोडली आणि ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज पाच वर्षांसाठी १४ टक्क्यांनी काढले. हे सात लाख मालकांच्या खात्यावर पाठवले. उरलेले ३ लाख सासऱ्यांनी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेतून काढून रोख दिले. कर्जाचा विमा आणि प्रक्रिया शुल्क मिळून १४ हजार बँकेने आधीच कापून घेतले, एजंटाची दलाली २० हजार झाली. स्टॅम्प ड्यूटी वाचावी म्हणून कागदावर डिपॉझिट १ लाखच दाखवले आहे. अकरा महिन्यांचा करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला आहे. दोन वर्षांनी हे दहा लाख परत आले की स्वतःच्या घराचे डाऊन पेमेंट होईल. बचत खात्यात सध्या ३० हजार आहेत. आता प्रश्न असा, की हॉलची मोठी भिंत अगदी भकास दिसते आणि मालक खिळे मारू देत नाहीत. स्वतः चिकटवायचा वॉलपेपर आणि फोमचे पॅनेल मिळून ८ हजारांत काम होईल. भाड्याच्या घरावर एवढा खर्च करावा का? केल्यास बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा का?

उत्तर:

भिंतीसाठी ८ हजार लागत नाहीत, दोन हजारांत ती चांगली सजते आणि त्यासाठी हप्ते करण्याचे काहीच कारण नाही. ते कसे करायचे हे पुढे सांगतोच. परंतु तुम्ही आठ हजारांसाठी मला पत्र लिहिलेत आणि दहा लाखांविषयी मात्र कुणालाही न विचारता निर्णय घेऊन मोकळ्या झालात, त्यामुळे आधी त्या दहा लाखांविषयी लिहिणे भाग आहे.

एजंटाने तुम्हाला हे डिपॉझिट ‘एफडीसारखेच, वर भाडे वाचते ते वेगळे’ असे सांगून विकले असणार. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा आता राग येतो. एफडी बँकेत असते, आणि बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. तुम्ही जे केले आहे त्याचे सरळ नाव असे, की एका अनोळखी गृहस्थाला तुम्ही दहा लाखांचे विनातारण कर्ज दिले आहे आणि त्याचे व्याज म्हणून तो तुम्हाला महिन्याला १० हजार भाडे माफ करतो. नेहमीचे ५० हजार वजा केले तर साडेनऊ लाखांवर वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या वर व्याज झाले. ज्याच्या नावावर घर आहे त्याला तेच घर तारण ठेवून बँकेकडून साधारण ९ ते ११ टक्क्यांनी कर्ज मिळू शकते. मग तो तुम्हाला साडेबारा टक्के का देतो, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायला हवा होता. काही मालकांना कागदपत्रांचा कंटाळा असतो, हे मान्य. पण बऱ्याचदा त्या घरावर आधीच कर्ज असते किंवा बँकेने त्यांना नकार दिलेला असतो.

आता तुमचा फायदा मोजू. वर्षाला भाड्याचे १ लाख २० हजार वाचले. त्यातून मोडलेल्या एफडीचे सात टक्क्यांनी २८ हजार गेले. सासऱ्यांच्या योजनेवर ८.२ टक्के व्याज मिळते, म्हणजे ३ लाखांवर वर्षाचे जवळपास २५ हजार, दर तिमाहीला त्यांच्या हातात पडणारे सहा हजार, तेही गेले. कर्जाचा हप्ता ७ हजारांच्या आसपास असेल आणि त्यात पहिल्या वर्षी व्याजच ३९ हजार आहे. हे तिन्ही मिळून ९२ हजार होतात, उरले २८. त्यातून बँकेने कापलेले १४ हजार वजा करा. दलाली एरवीही महिन्याच्या भाड्याएवढी, म्हणजे १४ हजार गेलीच असती, ती २० झाली, म्हणून आणखी ६ हजार वजा करा. पहिल्या वर्षाचा निव्वळ फायदा ८ हजार रुपये. तुम्ही वॉलपेपरसाठी ठरवलेली रक्कम नेमकी तेवढीच आहे. म्हणजे आठ हजारांसाठी दहा लाख धोक्यात घातले, त्यातले तीन लाख एका निवृत्त माणसाचे, आणि घरात अडीनडीला तीस हजार ठेवले.

याहून गंभीर गोष्ट कागदाची आहे. महाराष्ट्रात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) करार लेखी असणे आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. स्टॅम्प ड्यूटी वाचवल्याचे तुम्ही लिहिता, तर तीही मोजू. अकरा महिन्यांचे भाडे ४४ हजार, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरायचे मानीव व्याज सुमारे ९२ हजार. बेरीज १ लाख ३६ हजार, तिच्यावर पाव टक्का म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी १ हजार. डिपॉझिट दहाऐवजी एक लाख दाखवल्याने मुद्रांकात जे वाचते ते दोनशे रुपयांच्या आसपास आहे. दोनशे रुपये वाचवण्यासाठी कोणी नऊ लाख लपवत नाही, तेव्हा कारण वेगळे आहे: ती रक्कम कागदावर यावी अशी मालकांची इच्छा नाही. शिवाय वीस हजार किंवा त्याहून अधिक ठेव रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे सासऱ्यांच्या तीन लाखांविषयी तर ते तोंडही उघडणार नाहीत.

उद्या काय काय होऊ शकते तेही सांगतो. मालकांनी घर विकले तर नवा मालक कागद दाखवून म्हणेल, की माझा संबंध एका लाखाशी, आणि कदाचित तेवढाही नाही. घरावर कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन पुढे घराचा ताबा घेऊ शकते. विक्रीच्या पैशांवर पहिला हक्क बँकेचा. तुम्ही मालकांवर वैयक्तिक दावा लावत बसायचे. यातले काहीच झाले नाही, मालक अगदी सज्जन निघाले, तरी दोन वर्षांनी ते दहा लाख कुठून आणतील? ते पैसे त्यांनी केव्हाच वापरले असतील. बहुतेक वेळा पुढच्या भाडेकरूचे डिपॉझिट आले की मागच्याचे दिले जाते, याची टोपी त्याच्या डोक्यावर. पुढचा भाडेकरू तीन महिने मिळाला नाही तर तुमचे डाऊन पेमेंट तीन महिने अडले, आणि बिल्डरला दिलेले बुकिंगचे पैसे त्यासोबत अडकले. ज्या रकमेच्या परतीची तारीख दुसऱ्याच्या सोयीवर अवलंबून आहे, ती डाऊन पेमेंट म्हणून धरता येत नाही.

‘पैसे मिळेपर्यंत घर सोडणार नाही’ असे तुमच्या मनात असेल, तर तेही वाटते तितके भक्कम नाही. लायसन्सची मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्क मागू शकतो. नोंदणी नसलेल्या करारात अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरून ते खोडण्याचा भार मालकावर टाकला जातो, एवढी एक बाजू तुमच्याकडे आहे. परंतु ती बाजू न्यायालयात मांडायची असते आणि तिथे लागणारी वर्षे तुमच्या मुदतीत बसत नाहीत.

म्हणून या महिन्यात पुढील कामे करावीत. दुय्यम निबंधकांच्या नोंदी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्या घराचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, काढून मालक खरोखर तेच आहेत का आणि घर गहाण असल्याची काही नोंद आहे का, ते पाहावे. सोसायटीच्या कार्यालयातही विचारावे, कारण कर्ज देणारी बँक बहुधा आपला बोजा सोसायटीकडे नोंदवते, आणि सेक्रेटरींना मालकांच्या थकबाकीविषयी संकेतस्थळापेक्षा जास्त माहिती असते. त्यानंतर मालकांकडे नोंदणीकृत कराराचा आग्रह धरावा, त्यात पूर्ण दहा लाख, रोख तीन लाखांसह, लिहून घ्यावेत, आणि डिपॉझिट हातात पडेपर्यंत ताबा तुमच्याकडे राहील व त्या काळाचे शुल्क लागणार नाही, असे कलम घालावे. कराराच्या शेवटच्या दिवसाचा चेक आत्ताच मागावा; तो न वटल्यास फौजदारी कारवाईची वेगळी तरतूद आहे, आणि निदान त्या भीतीने तरी फोन उचलले जातात. सासऱ्यांच्या पासबुकातील पैसे काढल्याची नोंद जपून ठेवावी आणि मालकांना साध्या भाषेत एक संदेश पाठवून दहा लाख मिळाल्याचे त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावे. हे शेवटचे काम आज रात्रीच करावे, करारावरून कुरबुर सुरू होण्याच्या आधी.

मालकांनी नोंदणीला नकार दिला, तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले आहे. मग अकरा महिने संपण्याची वाट न पाहता पैसे मागायला सुरुवात करावी. मालक नोंदणीला तयार झाले तर आणखी एक गोष्ट मागा: डिपॉझिट ३ लाखांवर आणा आणि भाडे ११ हजार करा. पैसे एकदम मिळणार नाहीत, दोन-तीन हप्त्यांत घ्या, पण खात्यावरच घ्या. परत येणाऱ्या सात लाखांतून सर्वांत आधी १४ टक्क्यांचे कर्ज फेडावे. मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती लागेल ते बँकेकडून लेखी घ्यावे, आणि कर्जाबरोबर माथी मारलेल्या विम्याच्या उरलेल्या मुदतीचे पैसेही त्याच पत्रात मागावेत. हा विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही असे सांगितले गेले असेल तर ते खोटे होते. तीस दिवसांत तो परत करता आला असता. तुमची ती मुदत आता टळली. त्यानंतर सासऱ्यांचे तीन लाख परत करावेत, आणि जे उरेल ते तुमचा आपत्कालीन निधी म्हणून बँकेत ठेवावे. डाऊन पेमेंटची सुरुवात त्यानंतर, दर महिन्याच्या बचतीतून.

आता भिंत. चिकट वॉलपेपर डिस्टेंपरवर लावला तर काढताना रंगाचे पापुद्रे घेऊनच निघतो, आणि डोंबिवलीच्या पावसात बाहेरच्या भिंतीला ओल धरली तर तो काढायची वाटही पाहत नाही. फोमच्या पॅनेलचेही तेच. त्यामागे बुरशी वाढते आणि तुम्हाला ती दिसतही नाही. घर सोडताना मालक रंगाचे म्हणून एका महिन्याचे भाडे तरी कापतील, म्हणजे आठ हजारांचा वॉलपेपर बारा हजारांना पडेल. भाड्याच्या घरात पैसे अशा वस्तूंवर घालावेत ज्या टेम्पोत चढून तुमच्याबरोबर पुढच्या घरी येतात.

खिडकीच्या पडद्याची दांडी आधीच बसवलेली असते. तिच्यावरून पडद्याच्या शेजारी खणाचे किंवा जुन्या इरकल साडीचे एक लांब कापड सोडा, भिंतीचा तिसरा हिस्सा तिथेच भरतो. भरतकामाच्या लाकडी रिंगा आणून त्यांत खणाचे तुकडे ताणून बसवा. लहान-मोठ्या पाच रिंगा आणि दीड मीटर खण यांचे मिळून सातशे-आठशे होतील. सुतळीला लाकडी चिमटे लावून कुटुंबाचे फोटो टांगा, एक प्रिंट दहा-पंधरा रुपयांना निघते. बुरुडाकडून दोन सुपे आणि एक टोपली आणून त्यांवर पांढऱ्या रंगाने वारलीसारखी चित्रे काढा, मुलांनाही ते आवडते आणि चुकले तरी बिघडत नाही. या हलक्या वस्तूंना चिकट हुक पुरतात, पण ते तेलरंगावर किंवा प्लास्टिक पेंटवरच टिकतात. डिस्टेंपर असेल तर आधीच्या भाडेकरूचे जे खिळे भिंतीत आहेत तेवढेच वापरा, किंवा मोठी चौकट भिंतीला न टांगता बुटक्या कपाटावर टेकवून ठेवा. बाहेरच्या भिंतीपासून कापड बोटभर लांब राहू द्या.

एक काम मात्र यातल्या कशाच्याही आधी करावे. चारही भिंतींचे, छताचे आणि मोरीच्या फरश्यांचे आजच्या तारखेचे फोटो काढून मालकांना पाठवावेत, आणि खिळ्यांचे व रंगाचे काय ठरले ते नव्या करारात एका ओळीत लिहून घ्यावे. वॉलपेपर मागवून झाला असेल तर तो परत करण्याची मुदत तपासा. ती साधारण आठवड्या-दहा दिवसांचीच असते आणि रोल उघडला की बहुतेक विक्रेते तो परत घेत नाहीत.