नवं इंजिन, ऑइल प्रेशर नाही? आधी चावी सोड

भावा, नव्या बसवलेल्या इंजिनाला लगेच चालू करायची घाई नको. कोरड्या बेअरिंगला ओरखडे पडायला काही सेकंद पुरतात. प्लग आणि इंधन पंपाचा फ्यूज काढ, कॉइलची सॉकेटं सोडव, फिल्टर ऑइलनं भरून बसव. मग 10-10 सेकंद स्टार्टर मार. मध्ये त्याला गार होऊ दे.

तरी डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा दिवा विझत नाही? नुसत्या दिव्यावर भरवसा ठेवू नको, सेन्सरच्या जागी काटेवाला गेज लाव. काटा हललाच नाही तर बहुतेक पंप हवा ओढतोय. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून पंपाच्या गाळणीच्या नळीची ओ-रिंग (रबरी सील) बघ, चिमटलेली किंवा कापलेली सापडेल. पंप उघडलाच तर गिअरांत पेट्रोलियम जेली भर, ऑइल लवकर उचलतो.

गरम झाल्यावरच आयडलला प्रेशर पडत असेल तर ऑइलचा ग्रेड तपास. तो बरोबर असला तर क्रँकशाफ्ट उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये नेऊन मायक्रोमीटरनं मापून घे.