मजूर कुठून आले, हे शेवटी विचार

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. परप्रांतीय मजूर आपल्या गावांत का येतात, हा प्रश्न तू पहिल्याच पानावर घातला आहेस. माझ्या मते तो शेवटच्या पानावर शोभेल. आधी वहीत दोनच रकाने आख: धंद्यातले कोणते काम अजून हातानेच होते, आणि ते वर्षातले किती महिने चालते.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या मांस-कारखान्यांचे उदाहरण तू घेतलेस खरे, पण अर्ध्यावर सोडलेस. शिकागोचा मोठा गुरेबाजार 1971 मध्ये बंद झाला, परंतु गोमांसाचा धंदा त्याआधीच गुरांच्या मागोमाग खेड्यांकडे निघाला होता. आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने 1967 पासून अख्खे धड पाठवण्याऐवजी तुकडे करून खोक्यांत भरलेले मांस पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे शहरातल्या कसबी खाटकाचे काम कारखान्यात आले आणि तिथे त्याचे इतके बारीक भाग पडले की एकेकाने दिवसभर एकच काप घ्यायचा. असे काम नवख्याला चटकन शिकवता येते, म्हणून मजुरी उतरली, आणि ते अंग मोडणारे असल्याने माणसे टिकेनात. 1980 च्या डिसेंबरात कॅन्ससमधल्या गार्डन सिटीजवळ हॉलकॉम्ब येथे याच कंपनीचा प्रचंड कारखाना सुरू झाला, तेव्हा आसपासची वस्ती पुरेना. व्हिएतनामी निर्वासित आले, पाठोपाठ मेक्सिकोतले मजूर. गुरे बारा महिने कापली जात होती, म्हणून कुटुंबेही आली आणि तिथल्या शाळा भरल्या.

आता गोंदियाची राइस मिल पाहा. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यायचा असतो. काळा-डागी दाणा सॉर्टेक्स यंत्र वेगळा काढते, पण पोते हमालाच्याच पाठीवरून जाते. हे काम हंगामाचे, म्हणून मिलच्या आवारातल्या खोल्यांत मला बहुधा पुरुषच दिसले: चूल एक, खाणारे आठ-दहा. बिऱ्हाड म्हणावे असे काही नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर-मांढळकडचे मिरचीचे सातरे, म्हणजे मिरचीचे डेठ खुडण्याची आवारे, याच्या उलट आहेत. तिथे बाहेरच्या प्रांतांतला माल ट्रकने येतो आणि डेठ खुडायला आपल्याच बाया बसतात; म्हणजे माल माणसांकडे येतो. त्याच वेळी गडचिरोली-चंद्रपूरची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि तिथे तीच परप्रांतीय ठरतात. एकाच पिकाच्या दोन्ही टोकांना आपली माणसे असताना तुझ्या आराखड्यात त्यांचा उल्लेख नसावा, याचे मला आश्चर्य वाटले. तुझे तर आजोळ भिवापूरशेजारच्या पवनीचे.

आणखी एक. कोण स्थिरावले हे मजुराला विचारण्याआधी किराणा दुकानदाराला विचार. उद्या निघून जाईल असे ज्याच्याविषयी वाटते, त्याचे नाव तो उधारीच्या वहीत सहसा चढवत नाही.

सातऱ्यावर जाताना तोंडाला बांधायला ओला रुमाल ने. पहिला तासभर ठसक्याने तुला काही लिहिता येणार नाही. तोवर नुसते बायांचे बोलणे ऐक.