डेथ व्हॅलीला जाण्याआधी तिथी बघा

तुम्ही विचारलंय की भारतातून आलेल्या, पासष्टीच्या आसपासच्या आई-बाबांना घेऊन डिसेंबरात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये दोन रात्री राहायचंय. पायी काय जमेल आणि तारे कुठून बघायचे?

हॉटेल बुक करायच्या आधी कालनिर्णय उघडा. आम्ही पहिल्यांदा फक्त सुट्ट्या बघून गेलो आणि नेमकी चतुर्दशी निघाली. चांदण्यात वाळू सुंदर दिसली, पण इतका काळोख असलेल्या जागी जाऊन तारे मोजकेच दिसले, याची हळहळ मला वर्षभर होती. अमावास्या जुळली तर उत्तमच. नाहीतर कृष्ण पक्षातली अष्टमी उलटलेली असावी, म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि संध्याकाळ तुमची. शुक्ल चतुर्थीपर्यंतही चालेल, कोर लवकर मावळते.

डिसेंबर निवडलात ते योग्यच. १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी फिरू नका, असं पार्कवालेच सांगतात. डिसेंबरात दुपारी अठरा-वीस अंश असतं, पण रात्री पारा चार-पाचावर येतो. आई-बाबांना कानटोपी आणि जाड मोजे हवेतच.

बॅडवॉटर बेसिन त्यांना नक्की जमेल. ही जागा समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. वाहनतळावरून मागच्या कड्याकडे मान वर करून बघा, समुद्राची पातळी दाखवणारी पाटी तिथे उंचावर लावलेली दिसेल. पुढे सपाट मिठावरून चालत राहायचं. पाणी खालून वर येतं, आटतं, मिठाचा थर फुगतो आणि त्याच्या कडा उचलल्या जाऊन बहुकोनी चौकटी तयार होतात. मीठ पायाखाली करकरतं. समोर ३,३६८ मीटरचं टेलिस्कोप शिखर, बहुतेक वेळा बर्फ घेऊन उभं. जिथे थकवा वाटेल तिथून परत फिरा.

एका सकाळी आई-बाबांना न नेता तुम्ही गोल्डन कॅन्यन आणि गोवर गल्च या दोन घळींमधून जाणारी फेरी करा. साधारण सात किलोमीटर आहे, चढ-उतार आहेत आणि सावली जवळपास नाही.

आता ताऱ्यांचं. बॅडवॉटरला पूर्वेला अगदी लागून डोंगर आहेत, त्यामुळे वाहनतळाशी उभं राहिलात तर मृग उशिरा दिसतो. मला स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या जास्त आवडतात. चारही बाजूंनी आकाश मोकळं. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा आणि उजेडात वाट नीट बघून ठेवा. इथे आखलेली पायवाट नाही आणि वाऱ्याने पावलं पुसली जातात. दोन टेकड्यांमधल्या खोलगटातून परत येताना मी भलतीकडे निघाले होते. माथ्यावर चढून रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हणून अंधार पडल्यावर आई-बाबांना खुर्च्या टाकून वाहनतळाजवळच बसवा, तिथूनही आकाश तेवढंच आहे. विजेरीला लाल जिलेटिन लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माणशी रोज चार लिटर पाणी गाडीत ठेवा, पेट्रोल आधी भरा, नकाशा उतरवून घ्या. बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही. रेसट्रॅक या कोरड्या तळ्यातले सरकणारे दगड या खेपेला सोडा. रस्ता फार खराब आहे, आई-बाबांचे हाल होतील.

दुसऱ्या खेपेला माझे बाबाही बरोबर होते. कृत्तिका, रोहिणी, व्याध त्यांनी भराभर ओळखले, ध्रुव मात्र सापडेना. ते पुण्याच्या सवयीने क्षितिजापासून अठरा अंशांवर शोधत होते आणि इथे तो छत्तीस अंशांवर होता. मी त्यांची हनुवटी अलगद वर केली. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.