बाहेरचा भोंगा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. सुरुवातीला तुला हेल्मेट, वर्क परमिट आणि रजिस्टरं यांतच गुंतवून ठेवतील. ते काम मन लावून कर, पण एका सुट्टीच्या दिवशी कंपाउंडच्या पलीकडे कोण राहतं ते चालत जाऊन बघून ये.

भोपाळची वायुदुर्घटना तू अभ्यासली आहेसच. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातली ई-६१० टाकी, तिच्यातलं सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन, त्यात शिरलेलं पाणी, कित्येक महिने बंद असलेली शीतयंत्रणा, हे सगळं परीक्षेत विचारतात. भोंग्याचं मात्र कुणी विचारत नाही. तिथे कारखान्यातला आणि वस्तीसाठीचा असे दोन भोंगे १९८२ मध्ये वेगळे केलेले होते. ३ डिसेंबर १९८४ ला, मध्यरात्र उलटल्यावर एकच्या सुमारास, दोन्ही वाजले आणि बाहेरचा लगेच बंद केला गेला. लोक उगाच घाबरू नयेत म्हणून! आतल्या कामगारांना वारा कुठला आहे ते पाहून पळता आलं. समोरच्या जयप्रकाश नगरात लोकांना जाग आली ती खोकल्यानं आणि डोळ्यांच्या आगीनं. मग वाट फुटेल तिकडे धावाधाव, कित्येकांची तर वायूच्या लोटाबरोबरच. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकणारा, म्हणजे लहान मुलांच्या तोंडाच्या उंचीवर. त्यात धावताना धाप लागते आणि तो आणखी आत ओढला जातो. ओलं फडकं नाकातोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवे होऊन बाजूला निघा, एवढंच आधी कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. याचा मला आजही संताप येतो.

हमीदिया रुग्णालयात रात्रीतून हजारो माणसं आली. वायू कुठला, त्यावर इलाज काय, हे तिथल्या डॉक्टरांना कुणी धड सांगितलं नाही.

पुढे कायदे झाले. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी आसपासच्या लोकांना आधीच माहिती देणं कारखान्यावर बंधनकारक केलं. तरीही ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एका कारखान्यातून स्टायरिन या रसायनाची विषारी वाफ सुटली तेव्हा भोंगा वाजला नाही. १२ माणसं गेली.

तुमच्याकडे क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठाली सिलिंडरं, आहेत म्हणालीस. तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जा. तिथे रसायनाचे धोके आणि उपाय सांगणारी सोळा भागांची सेफ्टी डेटा शीट देऊन मोकळी होऊ नकोस. रात्रपाळीच्या डॉक्टरला ती वाचायला सवड कुठली? एका पानावर लिही: वायूचं नाव, लक्षणं, ऑक्सिजन द्या, डोळे किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा. आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत, रुग्ण बरा दिसला तरी लगेच घरी सोडू नका, फुफ्फुसांत पाणी काही तासांनीही भरतं. तो कागद कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लागेपर्यंत पिच्छा सोडू नकोस.

शाळेत, अंगणवाडीत, ग्रामपंचायतीतही जा. कंत्राटी कामगारांच्या खोल्या विसरू नकोस, तिथे हिंदीत सांगावं लागेल. वारा दाखवणारा विंडसॉक वस्तीतून दिसतो का, तेही बघ. आपल्याकडे तो बहुतेक ऑडिटवाल्यांना दिसेल अशा जागी असतो.

वरून कुणीतरी म्हणेलच, ‘मॅडम, कशाला लोकांना घाबरवता?’ मला हे आयुष्यभर ऐकवलं गेलं. अशा वेळी चिडू नकोस. भोपाळचा बाहेरचा भोंगा याच कारणासाठी बंद झाला होता, एवढं शांतपणे सांग आणि नियम पुढे ठेव.

आतली मॉक ड्रिल नियमानं दर सहा महिन्यांनी घ्यावीच लागते. पुढची बहुधा सकाळी अकराला, साहेब हजर असताना ठरवतील. तू ती रात्रपाळीत घ्यायला लाव, आणि त्या वेळी तुझा एक माणूस वस्तीच्या टोकाला उभा कर, भोंगा तिथपर्यंत पोचतो का ते ऐकायला. तारीख ठरली की कळव. वस्तीच्या टोकाला मीच उभा राहीन.

तुझा,
काका