आजोबांचा डबल बेस, आत लेबल नाही. कुठला असेल?

आजोबा मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात डबल बेस (व्हायोलिनच्या जातीतलं, माणसाएवढं उंच वाद्य) वाजवायचे आणि त्यातलं बनवणाऱ्याच्या नावाचं लेबल कधीतरी पडून गेलं असावं, असं तुम्ही लिहिलंय. मला तर वाटतं, ते कधी नव्हतंच. १९०० च्या सुमारास असे ढिगाने बेस जर्मनीत सॅक्सनीमधल्या मार्कनॉयकिर्खेनला आणि सीमेपलीकडच्या शोनबाखला (आजचं चेक प्रजासत्ताकातलं लुबी) बनत. कुणी घरी बसून नुसत्या माना कोरायचे, कुणी फळ्या. व्यापारी ते जुळवून विकायचा. लेबल लावलंच तर विकणारा लावायचा, तेही मनाला येईल ते. माल इतका बाहेर जायचा की त्या छोट्या गावात १८९३ ते १९१६ अमेरिकेचं वाणिज्य दूतांचं कार्यालय होतं!

तेव्हा कारागिराचं नाव सापडेल ही आशा सोडा. प्रांत आणि अंदाजे काळ कळला तरी पुष्कळ.

आधी एफ-होलची (वरच्या फळीतल्या f आकाराच्या फटीची) कड बघा. थर दिसले तर प्लायवूड, म्हणजे विसाव्या शतकातला. अखंड लाकूड असेल तर मोबाइल आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन आतले कोपरे तपासा. सॅक्सनीतले लोक बरेचदा आतला साचा न वापरता बाजूच्या पट्ट्या थेट पाठीवर बसवायचे. त्यामुळे कोपऱ्यात ठोकळा नसतो, किंवा ठोकळ्याचा आव आणणारी पातळ चकती असते. स्वस्त मालात बेस बारही (वरच्या फळीला आतून आधार देणारी लांब पट्टी) वेगळा चिकटवलेला नसतो, वरच्या फळीतूनच कोरलेला असतो. खुंट्यांच्या पेटीत बुजवलेली भोकं दिसली तर मात्र मजा आहे: तो मुळात तीन तारांचा असू शकतो, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-इटलीत तीन तारांचे बेस सर्रास होते.

सपाट पाठ, पॉलिशचा रंग, तारा ताणायचं पितळी मशीन यांवर लोक उगाच भर देतात. सपाट पाठ सगळीकडेच करत आणि मशीन तर कधीही बदलतात. डेंड्रोक्रोनॉलॉजीने (लाकडातल्या वार्षिक वर्तुळांवरून काळ ठरवण्याच्या पद्धतीने) वरच्या स्प्रूसच्या (एका सूचिपर्णी झाडाच्या) फळीतलं शेवटचं वर्तुळ कोणत्या सालचं ते कळू शकतं. बेस त्याआधीचा नाही, एवढंच त्यातून ठरतं.

आणि मुंबईची हवा विसरू नका. पावसाळ्यात सरस सुटतो, बेस उघडला जातो, हाताला लागेल ते लाकूड आत जातं. माझ्या बेसच्या एका कोपऱ्यात भक्कम ठोकळा दिसला आणि मी हरखलो, सॅक्सनीचा नाही म्हणून. निघाला सागाचा.

फोटो टाका, बघून सांगतो. बाहेरचे कमी, आतले जास्त.