कायम नोकरी म्हणजे नेमकं काय: शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलीला पत्र

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. सरकारी शाळेत शिक्षिका व्हायचं तुझ्या मनात आहे, पण घरात दोन तट पडलेत असं लिहिलंयस. मामा म्हणतात, एकदा नोकरी लागली की निवृत्तीपर्यंत घोर नाही. भाऊ म्हणतो, शाळाच बंद पडायला लागल्यात, मग शिक्षकाची नोकरी कशी टिकणार? दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं नोकरीत शिरल्यावरच कळतं, आणि ते तुला आधी कळावं म्हणून हे लांबलचक पत्र.

मला नोकरीत पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी कायम झाले होते. त्या वर्षी काही कुटुंबं कामासाठी दुसरीकडे गेली आणि शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, थोडासाच उतरला. पण त्या थोडक्यात आमच्या शाळेतलं एक पद कमी झालं. सेवेत सगळ्यांत मागची मी, म्हणून अतिरिक्त, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवायची, मी ठरले. पगार एक महिनाही थांबला नाही. नोकरी माझीच राहिली, पण शाळा आणि तिसरीचा वर्ग गेला. त्या वर्गाला वर्षभरात तिसरी बाई मिळाली. ज्या मुलाला मी नुकतं जोडाक्षरांपर्यंत आणलं होतं, तो पुढे कुठे पोचला हे मला कधीच कळलं नाही. ते अजून सलतं.

म्हणून पहिली गोष्ट ही समजून घे: सरकारी शाळेतलं पद मुलांच्या डोक्यांवर मोजलं जातं. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचंच परिशिष्ट बघ. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन. म्हणजे साठावं आणि एकसष्टावं मूल यांच्यामध्ये एका माणसाची जागा उभी असते. प्रमाण प्रत्येक देशात वेगळं, हिशेबाची रीत तीच. दक्षिण कोरियात २०२३ साली एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल, इतका जन्मदर उतरला. जपानमध्ये मुलं नाहीत म्हणून दरवर्षी शेकडो शाळा मिटतात किंवा शेजारच्या शाळेत विलीन होतात. तुझा भाऊ हेच बघून बोलतोय.

पण त्याने चित्राची दुसरी बाजू पाहिलेली नाही. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत जगाला प्राथमिक आणि माध्यमिक मिळून आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील. त्यांतले निम्म्याहून अधिक लागतील ते सोडून जाणाऱ्यांच्या जागी. प्राथमिक शिक्षकांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण २०१५ मध्ये सुमारे साडेचार टक्के होतं, ते २०२२ मध्ये नऊ टक्क्यांवर गेलं, असंही त्या अहवालात आहे. हा आकडा मी बराच वेळ बघत बसले. ज्या नोकरीला सगळे सुरक्षित म्हणतात, ती सोडून माणसं आपल्या पायांनी बाहेर पडतायत.

ती का बाहेर पडतात, हे तुझ्या मामांना ठाऊक नसेल. शिकवण्याचा कंटाळा येऊन सोडणारे मी फार थोडे पाहिले. पहिल्या दोन-तीन वर्षांत एकटं पडल्यामुळे सोडणारे पुष्कळ पाहिले. नवीन शिक्षकाला बहुधा सगळ्यांनी नको म्हटलेला वर्ग मिळतो. सोबत तक्ते, अहवाल आणि माहितीचे रकाने. मुख्याध्यापक चांगले असतील तर कुणीतरी शेजारी बसून बघतं, सांगतं, धीर देतं. नसतील तर डिसेंबरपर्यंत आवाज बसतो आणि मनही. माझं पहिलं वर्ष तसंच गेलं. मागच्या बाकावर बसून माझा तास पाहणारी एक ज्येष्ठ शिक्षिका नसती, तर मी आज तुला हे लिहीत नसते. त्या मला कधी रागावल्या नाहीत. तास संपला की एवढंच विचारायच्या, "आज कोण काहीच बोललं नाही, सांग बरं?"

आता कायमपणाबद्दल. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसला झालेल्या परिषदेत शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारली गेली. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून केलेलं ते काम, आणि त्याच्याच आठवणीत १९९४ पासून जागतिक शिक्षक दिन पाळतात. नोकरीची स्थिरता शिक्षकाच्या हितासाठी जितकी गरजेची, तितकीच शिक्षणाच्या हितासाठीही, असा त्यातला आशय आहे. मला तो मनापासून पटतो. ज्याला मार्चनंतर आपण असू की नसू हे माहीत नाही, तो शिक्षक मुलाच्या पुढच्या वर्षाचा विचार कसा करणार?

मात्र शिफारस म्हणजे कायदा नव्हे. कॅलिफोर्नियात सलग दोन पूर्ण वर्षं काम करून तिसऱ्या वर्षी घेतलं गेलं की शिक्षक कायम होतो. तरीही पैसा कमी पडला किंवा पट घटला, की १५ मार्चपर्यंत कपातीची पूर्वसूचना देता येते, आणि साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवण्यासारखी पात्रता असणाऱ्याला मात्र त्या रांगेतून वगळता येतं. जर्मनीत शासकीय सेवेत कायम असलेल्या शिक्षकाला हात लावणं जवळपास अशक्य, पण त्याच शाळेतल्या कंत्राटी शिक्षकाचा करार उन्हाळी सुट्टी लागताच संपवण्याची पद्धत काही राज्यांत वर्षानुवर्षं चालली. एकाच शिक्षकखोलीत बसणाऱ्या दोघांपैकी एकाला सुट्टीचा पगार मिळायचा, दुसऱ्याला नाही.

म्हणून "सरकारी" या एका शब्दावर जाऊ नकोस. नियुक्तिपत्रात काय लिहिलंय ते वाच. परिवीक्षेचा, म्हणजे कायम करण्याआधी पारखून बघण्याचा, काळ किती, तो संपल्यावर कायम करण्याचा लेखी आदेश मिळतो का, करार असेल तर सुट्टीत तो तुटतो का, कंत्राटातली वर्षं सेवेत धरतात का. "बघू, होईल कायम," असं तोंडी सांगून कुणी वर्षानुवर्षं ताटकळत ठेवत असेल, तर तिथे जीव लावताना विचार कर. पगारवाढ संथ असते, हेही मनाशी धर. निवृत्तिवेतनाचे नियम बऱ्याच ठिकाणी रुजू होण्याच्या तारखेवर ठरतात, तेव्हा जुन्या शिक्षकांना काय मिळतं ते विचारू नकोस, तुला काय लागू होईल ते विचार.

विषय निवडताना मन आणि मागणी दोन्ही बघ. गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण यांना बऱ्याच ठिकाणी माणसं मिळत नाहीत. तुला भाषा आवडते हे मला पहिल्यापासून माहीत आहे. ती सोडू नकोस, पण सोबत विशेष शिक्षणाची पात्रता मिळवता आली तर बघ. पद कमी होताना उपयोगी पडेल, आणि पद असतानाही, कारण वर्गात न बोलणारी दोन-तीन मुलं कायमच असतात.

बढतीचं मात्र मला आयुष्यभर कोडं पडलं. चांगली शिकवते म्हणून बाईला वर चढवायचं, आणि वर म्हणजे वर्गाबाहेर. मुख्याध्यापक व्हायचं, मग तपासणीला जायचं, आणि खडू हातातून सुटायचा. सिंगापूरने यावर केलेला उपाय मला आवडतो. तिथे तीन वाटा आहेत: अध्यापनाची, नेतृत्वाची आणि विशेषज्ञाची. अध्यापनाच्या वाटेवर वर्गाशी नातं न तोडता ज्येष्ठ शिक्षक आणि त्याही पुढच्या पदांवर जाता येतं, नव्या शिक्षकांना घडवता येतं. अशी वाट नसेल तिथे तुला कधीतरी निवड करावी लागेल. मी दोनदा बढती नाकारली. पैशाच्या दृष्टीने ते महाग पडलं, आणि घरी त्याबद्दल बोलणीही खाल्ली. तू नाकारावीस असं माझं म्हणणं नाही. नाकारता येते, एवढं माहीत असू दे.

तर आता अर्ज भरायच्या आधी एक कर. जवळच्या कुठल्याही सरकारी शाळेत परवानगी घेऊन आठवडाभर जा. एकाच वर्गात मागे बस, सोमवार ते शनिवार. शुक्रवारी दुपारी शेवटचा तास कसा वाटतो ते नीट बघ. तिथल्या सगळ्यांत नव्या शिक्षिकेला विचार की तुमचा तास शेवटचा कुणी कधी पाहिला होता. तिचं उत्तर मला कळव.

माझ्या पहिल्या वर्षाच्या टाचणवह्या, म्हणजे रोजच्या तासांची तयारी लिहायच्या वह्या, अजून माझ्याकडे आहेत. त्या ज्येष्ठ शिक्षिकेने समासात पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न अजून वाचता येतात. आठवडा झाला की ये, आणि त्या घेऊन जा.

तुझ्या,
तिसरीच्या बाई