पर्गॅमॉनला जावं का? सगळं तर बर्लिनला नेलंय ना?

जरूर जा. पर्गॅमॉन म्हणजे तुर्कस्तानातलं प्राचीन ग्रीक शहर, आजचं बर्गामा. एफेसस झाल्यावर एक दिवस हातात आहे म्हणता, तर तो इथेच घालवा.

"सगळं बर्लिनला नेलंय" हे आमच्या भाऊजींचंही ठरलेलं वाक्य. ते जर्मनीत असतात. ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस, त्याची इथली वेदी त्यांनी तिथल्या संग्रहालयात पाहिली आणि बर्गामाला आता नुसतं जोतं नि त्यावरची पाइनची झाडं उरलीत, असा निकाल देऊन टाकला. वेदीपुरतं ते खरं आहे. जर्मन अभियंता कार्ल हुमानने 1878 पासून खणून काढलेली शिल्पं तिकडे गेली. पण अख्खं शहर म्हणजे एक वेदी नव्हे!

आमच्या टूरवाल्याने टेकडीवर जेमतेम तासभर दिला होता. बाकीची मंडळी रोमन सम्राट ट्राजनच्या मंदिरापाशी फोटो काढत होती, मी नाट्यगृह उतरून पार तळाशी गेले. सुमारे 10,000 प्रेक्षकांचं नाट्यगृह, आणि उतार इतका उभा की खाली बघताना पोटात गोळा येतो. तळाच्या लांबलचक गच्चीवर दगडात ओळीने चौकोनी खाचा आहेत. वाकून बोट फिरवलं, कडा अजून हाताला लागतात. रंगमंच लाकडी होता. नाटकापुरते या खाचांत खांब रोवायचे, खेळ संपला की सगळं उतरवायचं. कारण त्याच गच्चीच्या टोकाला मद्याचा आणि नाटकाचा देव डायोनिसस याचं मंदिर आहे. नाटक त्याच्याच उत्सवातलं, मग त्याचीच वाट कशी अडवायची? भाऊजी, हे कुठल्या दालनात दिसणार?

इ.स.पू. 133 मध्ये इथला राजा तिसरा अटॅलस याने मृत्युपत्राने राज्य रोमला देऊन टाकलं, तरी इथली देवळं ओस पडली नाहीत. खाली गावात रोमन काळातलं लाल विटांचं प्रचंड मंदिर आहे, इजिप्तच्या देवांचं. त्याच्या आवाराखालून बोगद्यांतून नदी वाहते. पुढे आत चर्च झालं, आणि एका गोल बुरुजात आज मशीद आहे. आरोग्याचा देव अॅस्क्लेपिअस, त्याच्या स्थानात रोगी झोपायचे आणि देव स्वप्नात उपाय सांगायचा. वैद्य गॅलन याच गावचा.

बर्लिनची शिल्पं बघू नका असं मी म्हणत नाही, ती अप्रतिमच आहेत. फक्त वेदीचं दालन 2014 मध्ये दुरुस्तीसाठी बंद केलं होतं, तेव्हा चौकशी करून जा. आणि हो, गुडघे दुखत असतील तर नाट्यगृह वरूनच पाहा. टेकडी सकाळीच उरका, वर सावली फार कमी आहे. अॅस्क्लेपिअसचं स्थान गावाच्या दुसऱ्या बाजूला आहे, त्यासाठी वेगळा वेळ ठेवा.